नामिबियाला कोणत्या महिन्यात जावं? वाळवंट आणि वन्यप्राणी एकाच सहलीत बघू इच्छिणाऱ्या नवख्यांसाठी

'नामिबियाला कधी जायचं?' असं विचारलं की 'मे ते ऑक्टोबर' हे उत्तर ठरलेलं असतं. ते बरोबरच आहे, पण तेवढ्यावर रजा टाकता येत नाही. मेअखेरीला उत्तरेकडच्या इतोशा राष्ट्रीय उद्यानात गवत अजून उभं असतं, हवा स्वच्छ असते आणि पहाटे कानटोपी लागते. ऑक्टोबरअखेरीला त्याच जागी पारा चाळिशीला टेकतो, क्षितिज धुळीने पुसट झालेलं असतं आणि एकेका पाणवठ्यावर शेकड्यांनी जनावरं उभी असतात. दोन्ही 'सीझन'मध्येच मोडतात. तुमचा सीझन यातला कोणता, हे तुम्हाला काय बघायचंय आणि तुमची सुट्टी कधी पडते यावर ठरतं. म्हणून महिन्यांची यादी देण्याऐवजी निर्णय ज्या क्रमाने घ्यावा लागतो त्याच क्रमाने लिहितो आहे.

आफ्रिकेत वाळवंटं बरीच आहेत, पण पहिल्यांदा जाणाऱ्याला मी नामिबियाच सुचवतो. लाल वाळूचे डोंगर, थंड समुद्र आणि सिंह-हत्ती-गेंड्यांचं मोठं राष्ट्रीय उद्यान हे सगळं एकाच देशात, स्वतः गाडी चालवत बघता येतं. वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालते. राजभाषा इंग्रजी आहे. देश महाराष्ट्राच्या अडीच पटींहून मोठा, सुमारे सव्वाआठ लाख चौरस किलोमीटरचा, आणि लोकसंख्या जेमतेम ३० लाख. त्यामुळे अंतरं लांब आहेत आणि रस्ते मोकळे.

पायरी १: तिथलं ऋतुचक्र समजून घ्या

नामिबिया दक्षिण गोलार्धात आहे. आपला जून-जुलै म्हणजे तिथला कडक हिवाळा आणि आपला डिसेंबर-जानेवारी म्हणजे तिथला उन्हाळा. मात्र पाऊसही त्या उन्हाळ्यातच पडतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तुरळक सरी, जानेवारी ते मार्च मुख्य पाऊस, एप्रिलमध्ये ओसरता. मे ते ऑक्टोबर जवळजवळ थेंबही नाही.

हा पाऊस पूर्वेकडून, हिंदी महासागरावरून येतो आणि पश्चिमेकडे सरकताना संपत जातो. ईशान्येच्या झांबेझी भागात वर्षाला ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, तर अटलांटिकच्या किनाऱ्यावर २५ मिलिमीटरसुद्धा नाही. किनाऱ्यालगत बेंग्वेला हा थंड सागरी प्रवाह अंटार्क्टिकाच्या बाजूने वर येतो. त्याच्यामुळे समुद्रावरची हवा थंड राहते, वर चढत नाही, पावसाचे ढग बनत नाहीत. बनतं ते धुकं. नामिब वाळवंटातले कितीतरी जीव या धुक्यावर जगतात. एक काळा भुंगेरा पहाटे वाळूच्या धारेवर डोकं खाली, पाठ वर करून उभा राहतो आणि पाठीवर जमलेले धुक्याचे थेंब तोंडापर्यंत ओघळू देतो.

प्रवाशासाठी याचा अर्थ असा की एका सहलीत तुम्हाला तीन हवामानं भेटणार. आतला वाळवंटी भाग हिवाळ्यात दिवसा २०-२५ अंश आणि रात्री शून्याजवळ, उन्हाळ्यात दुपारी चाळिशीपर्यंत. उत्तरेकडे इतोशात थंडी थोडी सौम्य, पण सप्टेंबर-ऑक्टोबरचा उकाडा जबरदस्त. आणि किनाऱ्यावरचं स्वाकोपमुंड बाराही महिने गार. तिथे डिसेंबरातसुद्धा सकाळी जाकीट घालावंसं वाटतं. एकच महिना तिन्ही ठिकाणी सर्वोत्तम असेल, ही अपेक्षा आधी सोडून द्यायची. कोणत्या ठिकाणासाठी कुठे तडजोड करायची, तेवढंच आपल्या हातात असतं.

पायरी २: प्राणी पहिले की वाळू पहिली, ते घरात बसून ठरवा

हा प्रश्न सहलीला येणाऱ्या प्रत्येकाला विचारा. उत्तर 'दोन्ही' असंच येणार. मग विचारा की दोनातलं एक थोडं कमी मिळालं तर कशाचं वाईट वाटेल.

प्राण्यांसाठी इतोशा. १९०७ मध्ये जर्मन अमलात राखीव झालेलं हे उद्यान आज बावीस हजार चौरस किलोमीटरहून मोठं आहे आणि त्याच्या मधोमध सुमारे ४८०० चौरस किलोमीटरचं, मिठाने पांढरं पडलेलं कोरडं तळं पसरलेलं आहे. ताडोब्याला भर मे महिन्यात जाणाऱ्यांना इथलं गणित वेगळं समजवायला नको. पाणी जितकं आटतं, तितके प्राणी उरलेल्या पाणवठ्यांवर गोळा होतात. फरक एवढाच की इथे रान उघडं आहे, झुडपं खुजी आहेत, आणि पाणवठ्यापाशी गाडी बंद करून बसलात तर समोरून झेब्रे, जिराफ आणि स्प्रिंगबोक, कुडू, ओरिक्स ही हरणं असे कळपामागून कळप येत राहतात. नेब्राउनी नावाच्या पाणवठ्यावर हत्ती पांढऱ्या चिखलात लोळून अक्षरशः पांढरे झालेले दिसतात.

इथे महिन्यामहिन्याने चित्र बदलतं. मेमध्ये रानातल्या खळग्यांत पावसाचं पाणी अजून थोडं शिल्लक असतं, गवत उंच असतं, जनावरं विखुरलेली असतात. जुलैपासून खळगे कोरडे होतात आणि पाणवठे जनावरांनी भरू लागतात. ऑगस्टचा उत्तरार्ध आणि सप्टेंबर हा माझ्या मते सर्वांत चांगला काळ. गर्दी पाण्यावर आलेली असते आणि माणसाला ऊन अजून सोसतं. ऑक्टोबरमध्ये प्राणी त्याहून जास्त दिसतात, पण गाडीत दुपार काढणं कठीण जातं आणि जनावरंही भुकेने खंगलेली असतात. ज्यांना फक्त संख्या हवी आहे त्यांनी ऑक्टोबर निवडावा; लहान मुलं किंवा वयस्क मंडळी बरोबर असतील तर मी निवडणार नाही.

हिवाळ्याची एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. जून-जुलैमध्ये पहाटे पाणवठे बऱ्याचदा ओस असतात. थंडीत जनावरं उशिरा, नऊ-दहाच्या पुढे पाण्यावर येतात. म्हणून त्या दिवसांत भल्या पहाटे सिंहासाठी रस्ते पालथे घालायचे आणि पाणवठ्यावर उन्हं चढल्यावर बसायचं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मात्र सकाळपासून दुपारपर्यंत वर्दळ चालू असते.

पावसाळ्यातला इतोशा वाईट असतो असं मुळीच नाही. तो हिरवा होतो, स्प्रिंगबोकची पाडसं उड्या मारताना दिसतात, दूरदेशीचे पक्षी येतात, आणि पाऊस खूप चांगला झाला तर त्या पांढऱ्या तळ्यात पाणी साचून फ्लेमिंगो विणीसाठी उतरतात. पक्षीनिरीक्षकांनी जानेवारी ते मार्च जरूर विचारात घ्यावा. कोरी बस्टर्ड हा आपल्या माळढोकाचा सख्खा भाऊबंद, दोघे एकाच प्रजातीकुळातले. नान्नजच्या माळावर ज्यांनी माळढोकाची वर्षानुवर्षं वाट बघितली आहे, त्यांना इतोशाच्या मैदानात हा अवजड पक्षी रमतगमत चालताना बघून काय वाटेल ते मी सांगायला नको. तो तिथे वर्षभर दिसतो. पण पहिल्या सहलीत सिंह, गेंडा, हत्ती बघायचे असतील तर पावसाळा टाळा. पाणी सगळीकडे असतं तेव्हा जनावरांना पाणवठ्यावर यायचं कारणच उरत नाही.

आता वाळू. सोसुसव्लेईचा परिसर नामिब-नॉक्लुफ्ट राष्ट्रीय उद्यानात येतो आणि नामिबचा हा वाळूसागर २०१३ पासून जागतिक वारसा यादीत आहे. उद्यानाच्या सेस्रीम गेटपासून ४५ किलोमीटरवरची वाळूची टेकडी 'ड्यून ४५', तीनशे मीटरहून उंच 'बिग डॅडी', आणि तिच्या पायथ्याशी डेडव्लेई. डेडव्लेई म्हणजे पांढऱ्या चिकणमातीचं कोरडं तळं, त्यात शेकडो वर्षांपूर्वी वाळलेली आणि हवा इतकी कोरडी की अजूनही न कुजलेली बाभळीच्या जातीची काळी झाडं.

इथलं गणित इतोशाच्या उलट जातं. मे, जून आणि जुलैचा पहिला पंधरवडा हा टेकड्यांसाठी उत्तम. पावसाने धूळ बसलेली असते, आकाश गडद निळं असतं, वाळू दुपारीही अनवाणी चालण्याजोगी असते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वारा वाढतो, काही दिवस पूर्वेकडून गरम वारे सुटतात आणि वाळूचे कण गालाला झोंबतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उत्तरेकडच्या वणव्यांचा धूरही आकाशात रेंगाळतो, फोटोतला निळा रंग फिका पडतो. डिसेंबर ते फेब्रुवारी सकाळी नवानंतर टेकडी चढू नये. वाळूने पाय पोळतात आणि उष्माघाताचा धोका खरा आहे.

तेव्हा प्राणी पहिले असतील तर ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. वाळू, आकाश आणि छायाचित्रण पहिलं असेल तर मेअखेर ते जून. दोन्हींचं वजन अगदी सारखं असेल तर ऑगस्टचा दुसरा पंधरवडा.

पायरी ३: त्यावर आपल्या सुट्ट्या ठेवून बघा

इथे खरी अडचण येते. सप्टेंबर हा इतोशाचा उत्तम महिना आणि सप्टेंबरमध्येच बहुतेक वर्षी गणपती असतात. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, २०२७ मध्ये ४ सप्टेंबरला. घरी दहा दिवसांचा गणपती असेल तर २०२६ मध्ये ऑगस्टअखेर ते १० सप्टेंबर ही खिडकी धरा. २०२७ मध्ये विसर्जनानंतरचा सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा मोकळा मिळतो, आणि तो प्राण्यांसाठी फारच चांगला. शाळकरी मुलं असतील तर मात्र सहामाही परीक्षेचं वेळापत्रक आडवं येतं.

दिवाळीची सुट्टी घ्यायची असेल तर आधी पंचांग उघडा. नामिबियाच्या दृष्टीने लवकरची दिवाळी आणि उशिराची दिवाळी या दोन वेगळ्या सहली आहेत. २०२८ मध्ये लक्ष्मीपूजन १७ ऑक्टोबरला आहे. त्यानंतर लगेच निघालात तर उकाडा असेल, पण पाणवठे जनावरांनी खच्चून भरलेले असतील. २०२७ मध्ये ते २९ ऑक्टोबरला आहे. म्हणजे सहल नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, अजून जमण्यासारखी. २०२६ मध्ये मात्र लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे आणि त्यापुढच्या सहलीत जुगार आहे. पहिल्या सरी आल्या नसतील तर भयंकर ऊन, आणि एक चांगली सर पडली की दोन दिवसांत जनावरं पांगतात. त्या वर्षी दिवाळीऐवजी दुसरी सुट्टी बघा असंच मी म्हणेन.

आपल्या उन्हाळी सुट्टीकडे लोक उगाच दुर्लक्ष करतात. 'आफ्रिका म्हणजे उन्हाळ्यात नको' असा एक गैरसमज आहे. प्रत्यक्षात आपण घामाने हैराण असतो तेव्हा तिथे हिवाळा सुरू होत असतो. २० मे ते १२ जून हा काळ माझ्या मते मराठी कुटुंबासाठी सर्वांत सोयीचा आहे. शाळा साधारण जूनच्या मध्याला उघडतात, त्याआधी परत येता येतं. विदर्भातल्या शाळा त्याहून उशिरा सुरू होतात, म्हणून नागपूर-अमरावतीकडच्या मंडळींना आणखी आठवडाभर सवलत मिळते. युरोपातल्या सुट्ट्या अजून सुरू झालेल्या नसतात, म्हणून जागा मिळतात आणि बऱ्याच खासगी लॉजचे दर जुलै-ऑक्टोबरपेक्षा खाली असतात. वाळवंट ऐन रंगात असतं. किंमत मोजायची ती एवढीच की इतोशात प्राणी शोधावे लागतात. तिथे एक रात्र जास्त ठेवली की ती कसर बरीचशी भरून निघते.

एप्रिलची सुट्टी हाताशी असेल तर रान हिरवं, नद्या कदाचित वाहत्या, टेकड्यांवर ऊन अजून कडक. जाऊ नये असं नाही, पण त्याच सुट्टीत मेअखेर मिळत असेल तर ती घ्या.

नाताळची सुट्टी पहिल्या सहलीसाठी टाळा. उकाडा असतोच, शिवाय नामिबियातल्या लोकांचीही तीच मोठी सुट्टी असल्याने सगळा देश स्वाकोपमुंडच्या गारव्याला येतो. दुबई, मस्कत, दोहाकडच्या आणि युरोप-अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांना जुलै-ऑगस्ट मोकळा असतो. त्यांनी निर्धास्त जावं, फक्त बुकिंग वर्षभर आधी करावं.

पायरी ४: त्या वर्षी तिथे पाऊस किती झाला ते बघा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मेमध्ये प्राणी पाण्यावर येतील की नाही, हे जानेवारी ते मार्चच्या पावसावर अवलंबून असतं. पाऊस भरपूर झाला असेल तर जुलैपर्यंत जनावरं पांगलेली राहतात. दुष्काळ असेल तर मेमध्येच ऑगस्टसारखं दृश्य दिसतं. २०१९ आणि २०२४ मध्ये नामिबियाने दुष्काळामुळे आणीबाणी जाहीर केली होती, इतका फरक एका वर्षात पडू शकतो.

अंदाज बांधायला आपल्याला ओळखीची एक खूण आहे: अल निनो. ज्या अल निनोमुळे आपला मान्सून दगा देतो, तोच तिथल्या पुढच्या उन्हाळ्यात आफ्रिका खंडाच्या दक्षिणेकडच्या बऱ्याच भागात पाऊस कमी करतो. २०२३ चा ऑगस्ट भारतात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि त्यानंतरच्या पावसाळ्यातच नामिबिया होरपळला. दर वेळी असंच होईल असं नाही, पण आपल्याकडे अल निनोचं वर्ष असेल तर पुढच्या मे-जूनमधली इतोशा सहल प्राण्यांच्या दृष्टीने चांगली निघण्याची शक्यता वाढते. मार्चअखेरीला नामिबियाच्या पावसाच्या बातम्या वाचा आणि त्याप्रमाणे मुक्कामाच्या रात्री इकडच्या तिकडे करा. पाऊस चांगला असेल तर इतोशातली एक रात्र काढून सोसुसव्लेईला द्या. शक्य आहे की वाळवंटातल्या त्साउचाब नदीचं पाणी सोसुसव्लेईपर्यंत पोचलेलं असेल आणि लाल टेकड्यांच्या मध्ये तळं भरलेलं दिसेल. असं फार थोड्या वर्षी घडतं.

पायरी ५: मार्ग हंगामाप्रमाणे लावा

पहिल्या सहलीला दहा-बारा दिवस हवेत. राजधानी विंडहुकला एक रात्र, सोसुसव्लेईसाठी सेस्रीमला दोन, स्वाकोपमुंडला दोन, दमारालँडला दोन, इतोशात तीन, परत विंडहुक एक. विंडहुक ते सेस्रीम सुमारे सव्वातीनशे किलोमीटर, तिथून स्वाकोपमुंड साडेतीनशेच्या आसपास. आकडे आपल्या मुंबई-कोल्हापूरइतके वाटतात, पण यातला बराच रस्ता खडीचा आहे. खडीवर ताशी ८० च्या वर जाऊ नका. गाड्या उलटतात त्या इथेच, वळणावर एकदम ब्रेक मारल्याने.

प्राणी शेवटी ठेवा. वाळूने सुरुवात, मध्ये किनाऱ्यावर दोन दिवस विसावा, आणि मग उत्तरेला इतोशा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तर किनाऱ्याच्या गारव्याचे दोन दिवस म्हणजे सहलीचा श्वास आहे. स्वाकोपमुंडजवळ वॉल्विस बेच्या खाजणात फ्लेमिंगो, तिथून पुढे सँडविच हार्बर, जिथे टेकड्या थेट समुद्रात उतरतात. तिथे भरती-ओहोटी जाणणाऱ्या स्थानिक चालकाबरोबरच जा. उत्तरेला केप क्रॉसची सीलची वसाहत आहे. नोव्हेंबर-डिसेंबर हा तिथे पिल्लं जन्मण्याचा काळ.

दमारालँडमध्ये ट्वायफेलफोंटेनची हजारो वर्षं जुनी शिल्पं दगडांवर कोरलेली आहेत, २००७ पासून तीही जागतिक वारशात आहेत. त्याच भागात कोरड्या नदीपात्रांतून वाळवंटी हत्ती हिंडतात. कोरड्या महिन्यांत त्यांचा माग सोपा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पात्रं अचानक वाहू लागतात आणि रस्ते तुटतात. पावसाळ्यात गेलात आणि रस्त्यावरून पाणी वाहताना दिसलं तर गाडी घालू नका. काही तासांत ते ओसरतं, थांबा.

दक्षिणेतला फिश रिव्हर कॅन्यन पहिल्या सहलीत बसवू नका, अंतर फार आहे. ज्यांना तिथली दरीतली पायी मोहीम करायची आहे त्यांनी लक्षात ठेवावं, ती १ मे ते १५ सप्टेंबर एवढीच खुली असते. एरवीच्या उन्हात तिथे उतरणं जिवावर बेतू शकतं.

हिवाळ्यात दिवस लहान असतो. जूनमध्ये विंडहुकला सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो आणि सव्वासहाच्या आत मावळतो. अंधारात गाडी चालवायची नाही हा इथला पक्का नियम समजा, कारण कुडू आणि रानडुकरं रस्त्यावर येतात. भाड्याच्या गाडीच्या विम्यात रात्रीच्या अपघाताबद्दल काय अट आहे तेही वाचून घ्या. त्यामुळे जूनमध्ये एका दिवसात जितकं अंतर जमेल त्याहून ऑक्टोबरमध्ये दीड-दोन तास जास्त मिळतात, हे मार्ग आखताना धरा.

पायरी ६: दिवसाची वेळ आणि चंद्र

महिना अचूक निवडला आणि डेडव्लेईत अकरा वाजता पोचलात तर निवडीचा निम्मा उपयोग वाया गेला. तिथे सकाळची तिरपी उन्हं हवीत. सेस्रीमचं मुख्य गेट सूर्योदयाला उघडतं, पण उद्यानाच्या आत, म्हणजे सेस्रीम कॅम्पसाइट किंवा सोसुस ड्यून लॉजला मुक्काम असलेल्यांना सूर्योदयाच्या तासभर आधी पुढे जाऊ देतात. साठ किलोमीटर डांबरी रस्ता आहे, त्यापुढचे पाच किलोमीटर खोल वाळू, फक्त फोर बाय फोरसाठी. वाळूत चालवायची सवय नसेल तर डांबर संपतं तिथे गाडी लावून तिथली शटल घ्या. एवढ्यासाठी आत राहणं महाग पडलं तरी मी ते करायला सांगेन. बाकी खर्च कुठेही कापा.

इतोशातही दरवाजे सूर्योदय-सूर्यास्ताला बांधलेले आहेत. म्हणून तीनातल्या निदान दोन रात्री आतल्या ओकाउकुएयो किंवा हलाली कॅम्पमध्ये काढा. दोन्हीकडे मुक्कामाला लागूनच पाणवठा आहे, रात्रभर त्यावर दिवे असतात. ओकाउकुएयोला काळे गेंडे रात्री पाण्यावर येतात, कधी दोन-तीन एकदम. जुलै ते ऑक्टोबर हे दृश्य फार चांगलं दिसतं. गोधडीवजा काहीतरी अंगावर घेऊन भिंतीमागे गप्प बसायचं, बस.

चंद्राचा विचार वाळवंटासाठी करा. नामिबियाचं आकाश विलक्षण काळं आहे. नामिबरँड हे राखीव क्षेत्र २०१२ पासून आंतरराष्ट्रीय 'डार्क स्काय रिझर्व्ह' आहे. जून ते ऑगस्टच्या रात्री आकाशगंगेचा सर्वांत दाट भाग थेट डोक्यावर येतो, जो महाराष्ट्रातून दक्षिणेकडे खाली दिसतो. त्यासाठी सोसुसव्लेईच्या रात्री अमावास्येच्या आसपास पाडा. इतोशात दिव्यांमुळे चंद्राने फारसा फरक पडत नाही, तिथे पौर्णिमा आली तरी चालेल. दहा-बारा दिवसांच्या सहलीत हे जुळतं: अमावास्येला वाळूत, शुक्लपक्ष भरत जाताना उत्तरेला.

एक सावधगिरी: हेच नियम कलहारीला लावू नका

नामिबियाबद्दल वाचता वाचता लोक शेजारच्या बोट्सवानाकडे वळतात आणि तोच 'कोरडा हंगाम' तिथेही धरतात. तिथल्या सेंट्रल कलहारी या राखीव रानात उलट आहे. तिथे वर्षभर टिकणारं नैसर्गिक पाणी जवळपास नाही, म्हणून कोरड्या महिन्यांत जनावरं प्रचंड पसरतात. डिसेंबर ते एप्रिल पाऊस झाला की सपाट खोलगट माळांवर कोवळं गवत येतं, त्यावर ओरिक्स-स्प्रिंगबोक जमतात आणि त्यांच्या मागे काळ्या आयाळीचे सिंह आणि चित्ते. ओकावांगोचं तिसरंच. अंगोलाच्या डोंगरांत पडलेलं पाणी महिनोन्‌महिने वाहत येतं आणि त्रिभुज प्रदेश जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन कोरड्या हंगामात भरतो. दोन देश एका सहलीत जोडायचे असतील तर इतोशा आणि ओकावांगो ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जमतात. इतोशा आणि सेंट्रल कलहारी एका महिन्यात बसवायचा प्रयत्न करू नका.

चित्त्यांवरून आठवलं. १७ सप्टेंबर २०२२ ला कुनोत सोडलेले पहिले आठ चित्ते नामिबियातूनच आले. त्यामुळे इकडून जाणाऱ्यांना चित्ता बघायची ओढ असते. इतोशात तो आहे, पण दुर्मीळ. उंच गवतात तर दिसणं कठीणच. मे-जूनमध्ये गेलात तर त्याची आशा कमी धरा.

पायरी ७: बुकिंग, आरोग्य, सामान

जुलै ते ऑक्टोबरसाठी दहा ते बारा महिने आधी बुकिंग करा. मे-जूनसाठी सहा महिने सहसा पुरतात. क्रम असा ठेवा: आधी इतोशातले आतले कॅम्प, मग सेस्रीमच्या आतला मुक्काम, त्याभोवती बाकीच्या रात्री, आणि तारखा जुळल्या की विमान. उलटं केलं तर विमान स्वस्तात मिळतं आणि गेटबाहेर चाळीस किलोमीटरवर राहावं लागतं. व्हिसाचे नियम अलीकडे बदलले आहेत, तेव्हा तिकीट काढण्याआधी दिल्लीतल्या नामिबियाच्या उच्चायुक्तालयाकडून ताजी माहिती घ्या. मुंबईहून थेट विमान नाही. जोहान्सबर्ग किंवा आदिस अबाबाला बदलावं लागतं. पूर्व आफ्रिकेतून जाणार असाल तर पिवळ्या तापाच्या प्रमाणपत्राबद्दल विमान कंपनीला आणि डॉक्टरांना आधीच विचारा. ते लशीनंतर दहा दिवसांनी लागू होतं आणि ही लस फक्त नेमून दिलेल्या केंद्रांवरच मिळते.

मलेरियाचा धोका उत्तरेला आहे, म्हणजे इतोशा आणि त्यावर. विशेषतः नोव्हेंबर ते जून. मेअखेरीला जाणाऱ्यांनी प्रतिबंधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी नक्की बोलावं. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी ऑगस्ट-सप्टेंबरकडे झुकण्याचं हे एक ठोस कारण आहे. सोसुसव्लेई आणि किनारा या बाबतीत निवांत आहेत.

मे ते ऑगस्टसाठी कपडे काढता-घालता येतील असे थरांचे न्या: आत उबदार बनियन, वर स्वेटर, त्यावर वाऱ्याचं जाकीट, कानटोपी, हातमोजे. उघड्या सफारी गाडीत पहाटे जी थंडी वाजते ती महाबळेश्वरच्या डिसेंबरात वाजत नाही, आणि कॅम्पच्या कितीतरी खोल्यांत हीटर नसतो. ज्येष्ठ मंडळींसाठी म्हणूनच जुलैपेक्षा मेअखेर किंवा सप्टेंबर बरा. सप्टेंबरपासून पुढे रुंद कडांची टोपी, ओठांना लावायला मलम, माणशी रोजचं चार-पाच लिटर पाणी गाडीत. थंडीत तहान जाणवत नाही, पण हवा तितकीच कोरडी असते, म्हणून तेव्हाही पाणी पीत राहा.

शाकाहारींनी विंडहुक आणि स्वाकोपमुंडच्या सुपरमार्केटमध्ये डाळ, तांदूळ, भाज्या भरून घ्याव्यात. पुढे छोट्या गावांत मांसाशिवाय फारसं काही मिळत नाही. मांस खाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं की उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना जनावरांच्या रोगांसाठी घातलेल्या कुंपणापाशी तपासणी होते आणि कच्चं मांस पुढे नेऊ देत नाहीत. इंधनाची टाकी प्रत्येक पंपावर भरा, दुसरा पंप दीड-दोनशे किलोमीटरवर असू शकतो. सुटं चाक एकाऐवजी दोन मिळत असतील तर दोन घ्या, आणि गाडी ताब्यात घेतानाच जॅक बाहेर काढून चाक बदलून बघा.